एकवीस दिवसांचा खाडा

त्या दिवशी माझ्या भावानं दोन हजार शंभर बैठका मारल्या. त्या मी मोजल्या. सहाव्या दिवशी तो गेला.

हे तीन वाक्यांत लिहिता येतं, हे कळायला मला सगळं आयुष्य लागलं. शाळेत मुलींना मराठी शिकवताना मी सांगत आले की मुद्द्याचं आधी लिहा, बाकीचं मागून येतं. स्वतःच्या बाबतीत मात्र दर वेळी मी बाकीच्यापासूनच सुरुवात केली. घरापासून, घाण्यापासून, आईच्या हातच्या कडक भाकरीपासून. मग त्या सकाळपर्यंत पोचायच्या आत वही मिटून ठेवायची. या वेळी मुद्दा आधी लिहून टाकला आहे. आता बाकीचं सावकाश सांगते.

आमचं घर मंगळवार पेठेत. पुढं शेंगतेलाचा घाणा, मागं दोन खोल्या आणि त्यांच्या मागं फरशीचं अंगण. वडिलांना आम्ही अप्पा म्हणायचो, आईला अव्वा. ती नेसरीकडची. तिचं माहेर कानडी बोलणारं, त्यामुळं घरात दोन्ही भाषा चालायच्या. रागवायची ती मराठीत आणि माया करायची कानडीत. घाण्याला मोटर होती आणि मोटरीला लांब पट्टा. त्या पट्ट्याला एका जागी सांधा मारलेला होता. चाकावरून तो सांधा गेला की टप् आवाज व्हायचा. दिवसभर टप्, टप्, टप्. माझे पाढे त्या आवाजावर पाठ झाले. माझा भाऊ त्याच आवाजावर बैठका मारायचा. त्याला मी अण्णा म्हणायची. माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. तालमीतनं आला की अंगाला तांबडी माती आणि तेल, आणि घरात शिरतानाच आरोळी, "अव्वा, भूक!" मी कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसलेली असायची. येता येता तो माझ्या डोक्यावर टपली मारायचा. "काय मास्तरणी, आज किती पानं पचवली?"

अव्वा त्याच्यासाठी रोज पाट्यावर बदाम, खसखस, बडीशेप आणि मिरी वाटायची. तो वाटण्याचा आवाज आणि सकाळी तापणाऱ्या दुधाचा वास हे आमच्या घराचं घड्याळ होतं. आमच्याकडं मटण चालत नव्हतं. तालमीतली बाकीची पोरं घरनं रस्सा ओरपून यायची आणि अण्णाला चिडवायची. "ह्यो बघा तेल्याचा पैलवान. पेंड खाऊन वाढलाय." पेंड म्हणजे तेल काढून उरलेला शेंगांचा चोथा, तो म्हशींना घालतात. अण्णा त्यावर चिडायचा नाही. "व्हय की," म्हणायचा, "म्हशीला कुणी चितपट केलेलं ऐकलंय काय?" आणि सगळी तालीम हसायची. मी हे पाहिलेलं नाही. मुलींना तालमीच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायची मुभा नव्हती. अण्णा घरी येऊन अंगणात नकला करून दाखवायचा, म्हणून माहीत.

आमच्या पेठेतल्या त्या तालमीत एक नियम होता. दुसरीकडं तो असा होता की नाही मला ठाऊक नाही. एक दिवस चुकला की शंभर बैठका अंगावर चढायच्या. घरात लग्न असो, मयत असो, ताप असो, कारण विचारलं जात नसे. याला खाडा भरणं म्हणत. खाडा भरल्याशिवाय हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीत, उतरायचं नाही. काठावर बसून बघायचं. बहुतेक पोरं रोजच्या बैठकांत थोड्या थोड्या जास्त घालून आठ-पंधरा दिवसांत खाडा भरायची. बैठका घरी मारल्या तरी चालायच्या, फक्त मोजणारं दुसरं कुणीतरी लागायचं. मोजणाऱ्यानं तालमीच्या वस्तादांसमोर येऊन आकडा सांगायचा. त्याच्या शब्दावर वस्ताद कधी शंका घेत नसत. मोजणारा खोटा तर पैलवान खोटा, असं अप्पा म्हणायचे. तेही तरुणपणी त्याच मातीत लोळलेले.

त्या वर्षी अण्णाला विषमज्वर झाला. एकवीस दिवस तो खाटेवर होता. भात आणि ताकाचं पाणी, एवढंच पोटात. उठला तेव्हा मांड्या निम्म्या झाल्या होत्या आणि गळ्याची हाडं वर आली होती. शेवटचे काही दिवस अव्वा त्याला भिंतीला धरून चालवायची. आणि दोनच आठवड्यांनी नेसरीला, आमच्या आजोळी, कुस्त्यांचं मैदान होतं. अण्णाची जोड मुरगूडच्या एका पैलवानाशी आजारपणाच्या आधीच ठरली होती. मामांनी गावभर सांगून ठेवलं होतं. अप्पांनी एकदा म्हटलं, "जोड मोडून टाकू. माणसं समजून घेत्यात." पण म्हणताना त्यांची नजर जमिनीवर होती, आणि अण्णानं ती पाहिली.

मी तेव्हा शाळेच्या वाचनालयातून शरीरशास्त्राचं एक पुस्तक आणलं होतं. अण्णासाठीच आणलं होतं, असं आज वाटतं. त्यात स्नायूंवर एक धडा होता. व्यायाम करताना स्नायू वाढत नाहीत, उलट त्यांचे धागे थोडे थोडे उसवतात. मग खाणं आणि झोप मिळाली की ते शिवले जातात, आणि शिवताना पहिल्यापेक्षा जाड होतात. म्हणून जोर हळूहळू वाढवावा आणि मध्ये विसावा द्यावा. आजारातून उठलेल्यानं तर जुन्या ताकदीचा विचार सोडून अगदी थोड्यापासून सुरुवात करावी. मी त्याला ते मोठ्यानं वाचून दाखवलं. तो खाटेवर बसून तेल चोळत होता.

"मास्तरणी, ह्यो पुस्तकातला पैलवान कुठल्या तालमीचा?"

"अण्णा, खरं लिहिलंय ते."

"खरंच असंल. पर खाडा त्या पुस्तकात न्हाय की. खाडा तालमीत हाय." मग जरा थांबून म्हणाला, "तू मोजशील नव्हं? अप्पांनी मोजलं तर म्हणतील, बापानं सूट दिली. तुला खोटं बोलता येत न्हाय, ह्ये सगळ्या पेठेला ठाव हाय."

ते खरं होतं. एकदा गिऱ्हाइकासमोर मी सांगून टाकलं होतं की डब्यात तळाला कालचं तेल आहे. अप्पा तेव्हा हसले होते, आणि मग ती गोष्ट पेठेत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले. मला तिचा अभिमान होता. शांत, पुस्तकात तोंड घालून बसणाऱ्या मुलीजवळ दाखवण्यासारखं दुसरं काय असतं? भावानं माझ्यावर विश्वास टाकला, याचा मला झालेला आनंद मी लपवणार नाही.

मला वाटलं होतं, रोज दोनशे-तीनशे करील. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी त्यानं मला हलवून उठवलं आणि मूठभर चिंचोके माझ्या हातात ठेवले. "मोजून एकवीस हायत. शंभर झाल्या की एक इकडनं तिकडं. आज सगळा खाडा भरायचा." मी म्हटलं, "सगळा? आज?" तो म्हणाला, "पंधरा दिवस काठावर बसून कुस्ती शिकू काय?" तेवढ्यात अप्पांना जाग आली. त्यांनी दारातून पाहिलं. मग घाण्यात जाऊन म्हणाले, "मोटर लावतो. ताल सापडंल." रिकामा घाणा फिरवला त्यांनी, मुलासाठी. टप्, टप् सुरू झालं. अंगणातल्या फरशीवर पोतं पसरून, भिंतीकडं तोंड करून अण्णानं पहिली बैठक मारली.

पहिल्या पाचशेपर्यंत तो मधे मधे बोलत होता. "नीट मोज हां, नायतर परीक्षेत नापास करीन." हजारापाशी बोलणं थांबलं. पोत्यावर घामाचा डाग पडला आणि वाढत गेला. तेराव्या चिंचोक्याला त्यानं भिंतीला हात लावला, पण धरली नाही. चौदाव्यानंतर तो खाली गेला की वर यायला पट्ट्याचे दोन ठोके लागायचे, मग तीन. मांड्या थरथरत होत्या. कातडीखाली काहीतरी धावत असल्यासारख्या. व्यायामावर पाणी प्यायचं नाही, असा आमच्याकडं समज होता, म्हणून तांब्या भरलेला होता आणि तसाच होता. सतराशे झाल्या आणि तो गुडघ्यावर बसला. कपाळ भिंतीला टेकवलं.

त्याच वेळी अव्वा दुधाचा पेला घेऊन बाहेर आली. तिनं त्याच्या पाठीकडं पाहिलं. पेला खाली ठेवला. "साकु मगा," म्हणाली. "बास झालं रं माझ्या लेकरा." त्यानं मान हलवली नाही. मग ती माझ्याजवळ उकिडवी बसली. माझ्या डाव्या बाजूला चार चिंचोके उरले होते, उजवीकडं सतरा होते. अव्वानं आपला तळवा त्या चारांवर ठेवला आणि फरशीवरून सरकवत ते उजवीकडच्या ढिगात नेऊन मिळवले. आवाज ऐकू आला नाही. मोटरीनं तो गिळला. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. ती अक्षरशत्रू होती. मागायचं कसं हे तिला कधी माहीत नव्हतं. पण ती नजर मागणारी होती.

भिंतीकडून अण्णानं विचारलं, "किती झालं, मास्तरणी?"

मी चार चिंचोके मोजून परत डावीकडं ठेवले. म्हणाले, "सतरा झालं. चार ऱ्हायलं."

अव्वा उठली आणि आत गेली. अण्णा भिंतीला धरून उभा राहिला. पुढच्या चारशे बैठका मी अंगणातल्या नळाकडं बघत मोजल्या, त्याच्याकडं बघवत नव्हतं. पण एकही गाळली नाही.

मग तालमीत गेलो. तो पाय ओढत, मी मागं. मी उंबऱ्याबाहेर थांबले. वस्ताद बाहेर आले, खांद्यावर पंचा. पांढऱ्या मिशांचे, सत्तरीचे, कुणाला अहो-जाहो न करणारे.

"बोल गं पोरी. किती?"

"एकवीसशे."

"कधीपास्नं मारत होता?"

"आज. सकाळपास्नं."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग अण्णाकडं. "आज? समद्या?" आणि मग ओरडले, एवढ्या जोरात की आतली पोरं थांबली. "अरं गाढवा, खाडा म्हंजे काय फाशी हाय व्हय? कुणी सांगितलं तुला एका दमात? तापातनं उठलायस की लेका!" अण्णा हसला. त्याला वाटलं, हे कौतुक आहे. तालमीत शिवी हेच कौतुक असायचं. वस्ताद त्याच्या मांडीवर हात दाबून बघत होते आणि त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं. "घरी जा. मातीत उतरायचं न्हाय. नीज जा," एवढंच बोलले.

दुसऱ्या दिवशी त्याच्या मांड्या सुजून टणक झाल्या. बघायला आलेली पोरं खूश झाली. "पाय भरलं की रं! मुरगूडकर आता काय टिकतोय!" अप्पांनी घरचं तेल कोमट करून चोळलं. चोळताना तो दातावर दात दाबत होता, आणि सगळ्यांनी ते चांगलंच समजलं. अंग दुखल्याशिवाय अंग होत नाही, हे आम्हाला पाळण्यापासून शिकवलेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या मागून न्हाणीत गेले. फरशीवर पाणी नीट पडलं नव्हतं आणि मोरीच्या तोंडाशी लघवीचा, कोऱ्या चहासारखा काळपट डाग होता. मी बाहेर येऊन त्याला विचारलं. त्यानं मान फिरवली. "उष्णता हाय. अव्वाला बोलू नगंस." मी बोलले. या वेळी मी लगेच बोलले, सगळ्यांना, ओरडून. पण आता बोलण्याचा उपयोग संपत आला होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी अप्पांना विचारलं, पडला का, मार लागला का, काही विषारी खाल्लं का. अप्पा म्हणाले, काही नाही, बैठका मारल्या. डॉक्टर म्हणाले, किती? अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मी सांगितलं. डॉक्टरांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. मग त्यांनी समजावून सांगितलं. अशक्त स्नायूंवर एवढा मार बसला की ते फुटतात, त्यांतला गाळ रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडं तुंबतात. थोडा आराम आणि भरपूर पाणी मिळालं असतं तर कदाचित. रक्त गाळायचं यंत्र तेव्हा आमच्या गावात नव्हतं. पुण्याला न्यायचं ठरलं, गाडी ठरली, अव्वानं दशम्या बांधल्या. त्या पिशवीतच राहिल्या.

शेवटच्या दिवशी तो शुद्धीत होता, अधूनमधून. चेहरा सुजला होता, डोळे फटीएवढे. मी उशाशी बसले होते. त्यानं विचारलं, "खाडा मांडला नव्हं वस्तादनं? भरला म्हणून?" मी म्हटलं, "भरला, अण्णा." तो म्हणाला, "तू मोजलंस म्हंजे शंका न्हाय." त्याच्या तोंडून मी ऐकलेलं ते शेवटचं वाक्य. त्यानं माझं कौतुक केलं होतं. मी पदवीला पहिली आले तेव्हा, निवृत्तीच्या समारंभात, कुणीही कौतुक केलं की ते वाक्य पहिल्यांदा ऐकू येतं आणि मग मला दुसरं काही ऐकू येत नाही.

पुढं खूप वर्षांनी मी एका डॉक्टरांना विचारलं. नाव न सांगता, दुसऱ्या कुणाची गोष्ट असल्यासारखं. सतराशेवर थांबला असता तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. कदाचित नुकसान आधीच झालं असेल, कदाचित नसेल. ते प्रामाणिक उत्तर होतं. प्रामाणिक उत्तरानं माणसाचं काय होतं, ते मला माहीत आहे.

अव्वा त्या चार चिंचोक्यांबद्दल कधीही बोलली नाही. अप्पांना ते कळलंच नाही. मैदानाच्या दिवशी नेसरीहून मामा आले आणि ओसरीवर नुसते बसून परत गेले. वस्तादांनी तालमीतला खाड्याचा नियम बंद केला आणि वर्षभरात स्वतःही तालमीत येणं बंद केलं. अप्पांनी पट्टा बदलला, नवा बिनसांध्याचा आणला. टप् आवाज गेला आणि घर इतकं गप्प झालं की मी वाचायला सार्वजनिक वाचनालयात जाऊ लागले. अव्वानं एकच केलं. त्या महिन्यापासून आमच्या आमटीत चिंच पडली नाही. ती कैरी घालायची, टोमॅटो घालायची, काही नसलं तर ताक. पुढं तीस वर्षं मी तिच्याबरोबर एका घरात राहिले, तिला अंघोळ घातली, तिची वेणी घातली. प्रत्येक वेळी ताटात आमटी आली की मला कळायचं, तिला आठवतं आहे. माझ्यावर तिचा राग होता का, हे मी विचारू शकले असते. तिनं खोटं उत्तर दिलं असतं, माझ्या भल्यासाठी. ते तिला येत होतं.

मी स्वतः जन्मात एकही बैठक मारली नाही. शाळेत पोरींच्या कवायतीचा तास आला की मी दुसरा तास मागून घ्यायची. कुणी व्यायाम मोजायला लागलं, एक, दोन, तीन, की मी तिथून निघून जायची. आता पेठेत तालमीच्या पलीकडच्या गल्लीत व्यायामशाळा झाली आहे, आरशांची, गाणी लावलेली. तिच्या समोरूनही मी पलीकडच्या बाजूनं जाते.

गेल्या उन्हाळ्यात मी न्हाणीत पडले. हाड मोडलं नाही, पण उठता येईना. शेजारणीनं दार ढकलून मला बाहेर काढलं. मग व्यायाम शिकवायला एक मुलगी घरी येऊ लागली, शिकलेली, पंचविशीची, खणखणीत आवाजाची. तिनं माझ्या मांड्या दाबून पाहिल्या आणि म्हणाली, "काकू, हाडाला काही झालेलं नाही. मांसच उरलं नाहीये हो. वय वाढलं की स्नायू झिजतात, वापरले नाहीत की आणखी झिजतात. पण या वयातही परत येतात बघा, थोडे का होईना." तिनं लाकडी खुर्ची भिंतीला लावली. हात छातीशी घेऊन उठायचं, बसायचं. दहा वेळा. एक दिवसाआड. "मी मोजते," म्हणाली, आणि एक म्हणाली, आणि मी रडायला लागले. तिला वाटलं, गुडघा दुखला.

जाताना तिनं सूचना सांगितल्या. दुखलं तर थांबायचं. पाणी प्यायचं. दर आठवड्याला एखाद-दुसरीच वाढवायची. आणि मग चपला घालता घालता, सहज, "आणि काकू, एखादा दिवस चुकला तर चुकू दे. दुसऱ्या दिवशी त्याच्या म्हणून जास्त करायच्या नाहीत हां. चुकला तो गेला." मी दाराला धरून उभी राहिले. एवढंच तर होतं. एवढं एक वाक्य आमच्या घरात, आमच्या तालमीत, त्या उंबऱ्यावर कुणीतरी वेळेवर बोलायचं होतं. एका दमात नको हे वस्तादांना माहीत होतं, त्यांनी उशिरा ऐकलं, आणि जिनं ते पुस्तकात वाचलं होतं ती मोजत होती.

अण्णाचा फोटो आहे, लंगोट लावलेला, आजारपणाच्या आधीचा. घाणा नाही. अव्वा आणि अप्पा नाहीत. ती मुलगी आता येत नाही, गरज उरली नाही. खुर्ची भिंतीला लावलेली आहे. एक दिवसाआड सकाळी मी तिच्यावरून उठते आणि बसते, मोठ्यानं मोजत. सहा झाल्या की थांबते आणि दहा म्हणते. उरलेले चार मी मोजत नाही.